वाड्याची वाटणी

महेश एलकुंचवार हे आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातले, पारव्याचे. त्यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले, तेव्हापासून ते पाहताना माणसे डोळे पुसत आली आहेत. मात्र हे अश्रू बहुधा पडक्या भिंतींसाठी असतात. माझे मन गुंतते ते प्रभा आणि चंदू या दोघांत.

तात्याजी गेले आहेत, तेराव्याचा खर्च समोर आहे, आणि देशपांड्यांच्या घरात इभ्रतीपुढे पैसा नाही. थोरला भास्कर घराणे सांभाळतो आहे, सुधीर मुंबईहून पाहुण्यासारखा आला आहे. अंगणातला ट्रॅक्टर गंजतो आहे. यंत्र आले, पण त्यावर बसून राबण्याची वृत्ती आली नाही! राबतो तो चंदू. तो पायाची जखम घेऊन सगळ्यांची उस्तवार करतो आणि मजुरी मागत नाही, कारण तो घरचा. प्रभाला शिकायचे होते, तात्याजींनी शिकू दिले नाही. वाड्याची शान या दोघांच्या जिवावर उभी आहे.

वहिनी रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते तो प्रवेश पाहावा. घटकाभर ती राणी होते. पुढे तेच सोने रंजू घेऊन पळते. पण त्यात प्रभाचे किती, हे कोणी मोजले होते?

कायदाही तेव्हा फार वेगळा नव्हता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला हिस्सा दिला खरा, पण भाऊ वाटणी करीत नाहीत तोवर राहत्या घरात तिला ती मागता येत नसे. अविवाहित असेल तर तिने तिथे राहावे, एवढेच. हे कलम २००५ साली गेले. मुकुटबनला २०२२ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला. असा पैसा गावात आला की बहिणीच्या सहीची आठवण होते. प्रभाला कोणी सहीसुद्धा विचारली नसती.

एक उणीव मात्र जाणवते. रंगमंचावर सारी घरचीच माणसे आहेत. ज्या कुळांच्या आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या घामावर असे वाडे उठले, त्यांच्यातले कोणी तात्याजींच्या तेराव्याला दारापर्यंतही येत नाही.