मेणाचा मुखवटा आणि दुसऱ्यांची गोष्ट

मंडळी, आजचा अल्बम तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकला असेल. इटलीतल्या जेनोआचा 'ला मास्केरा दि चेरा' हा बँड, म्हणजे 'मेणाचा मुखवटा'. त्यांचा २०१३चा अल्बम 'ले पोर्ते देल दोमानी', उद्याची दारं. आणि ही गोष्ट मुळात त्यांची नाहीच!

व्हेनिसकडच्या 'ले ओर्मे' या त्रिकुटानं १९७३ साली 'फेलोना ए सोरोना' काढला. एकमेकांभोवती फिरणारे दोन ग्रह, एक सुखात, दुसरा अंधारात. निर्मात्याचं लक्ष एकाकडेच. मग पारडं फिरतं. क्षणभर तोल साधतो आणि तोही टिकत नाही. शेवटच्या तुकड्याचं नाव 'रितोर्नो आल नुल्ला', शून्याकडे परत. चाळीस वर्षांनी जेनोआचे लोक पुढची गोष्ट सांगायला बसतात आणि पहिल्याच तुकड्याला नाव देतात 'रितोर्नो दाल नुल्ला', शून्यातून परत. फक्त विभक्ती बदलली. आम्हाला विचाराल तर अख्ख्या अल्बमचा दावा तेवढ्यात आला.

आता प्रश्न असा की हा दावा खरा की नुसती हौस? बँडचे कर्ते फाबिओ झुफांती १९७३ साली लहान मूल होते. जो काळ जाणतेपणी पाहिलाच नाही, त्याची आठवण कशी काढायची? किर्केगारच्या १८४३च्या 'पुनरावृत्ती' या पुस्तकातला गृहस्थ जुना प्रवास पुन्हा अनुभवायला बर्लिनला जातो. तीच खोली, तेच नाटकघर, आणि हाती काहीच लागत नाही. जुन्या धर्तीचे बहुतेक बँड याच खोलीत मुक्काम ठोकून आहेत.

इथे मेलोट्रॉन आहे. ते वाद्य माहीत आहे ना? प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा. पट्टी दाबली की व्हायोलिनं वाजतात, जेमतेम आठ सेकंद, मग फीत संपते. म्हणजे ते वाद्यच मुळी आठवणीचं यंत्र. सोबत बासरी, खर्जात घुमणारा बास. चाली मात्र गुणगुणाव्यात अशा आहेत, आणि इथेच आम्ही पाघळलो हे कबूल करतो. या वयात चाल डोक्यात राहणं ही थोडी गोष्ट नव्हे.

तक्रार गळ्याविषयी. ओर्मेचे आल्दो ताल्यापिएत्रा हलक्या, कोवळ्या आवाजात गातात. त्यामुळे त्या ग्रहांचं दुःख दूरचं, थंड वाटतं. इथले आलेस्सांद्रो कोर्वाल्या रंगमंच गाजवणारे. प्रत्येक ओळ निर्णायक असल्यासारखी. मूळ अल्बम तेहतीस-चौतीस मिनिटांत आटोपतो. हा लांबतो, काही जागी भरणा वाटतो. आणि मूळ शेवटाची भीती? ती हे लोक जरा लवकरच पुसून टाकतात. शून्य इतक्या सहज परतू देत असेल, तर ते शून्य कसलं?

तरी आम्ही यांना नकलाकार म्हणणार नाही. प्राचीन रोममध्ये खानदानी घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवत. घरात मृत्यू झाला की जिवंत माणसं ते चेहऱ्यावर चढवून अंत्ययात्रेत चालत. तो मेलेला पूर्वज आहे असं कुणी समजत नसे. पण तो यात्रेत हजर आहे, हे सगळे मानत.

'फेलोना' आधी ऐका, मग हा. उलटा क्रम नको.