‘मी’ कुणाला दिला?

मागं मी एक कथा लिहिली. माझीच. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगितलं होतं, तीन महिन्यांनी फुटलं, घरमालकानं ट्रंक रस्त्यावर ठेवली. कथेत मात्र मी त्याच्या थोबाडीत हाणली. वस्तीतल्या पोरांपुढं वाचली, टाळ्या पडल्या. एक म्हातारा कार्यकर्ता तेवढा म्हणाला, ‘भोगलंस ते खरं हाय रं, पण कथा खोटी हाय.’

चिडलो. घरी येऊन बाबूराव बागूल पुन्हा काढले.

बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे, जन्म १९३०. लहानपणीच मुंबईला, माटुंगा लेबर कॅम्पात. पुढं सुरतेला रेल्वेत नोकरी, आणि तिथं राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवणं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा तिथूनच आली. १९६३ च्या संग्रहाला नावही तिचंच. इतकं सगळ्यांना ठाऊक आहे. पण बागूलांनी त्या जगण्याचं केलं काय, ते बघा. एका जगण्याची दोन माणसं केली. एक निवेदक, जात गिळून बसलेला. दुसरा काशिनाथ सकपाळ, चाकू बाळगणारा, तोंडावर जात सांगणारा. मार खातो निवेदक, सोडवतो काशिनाथ. आणि ‘मी’ हा शब्द लेखकानं शूराला दिला नाही, लपणाऱ्याला दिला! माझ्यासारख्यानं तो काशिनाथला देऊन टाकला असता. वर ‘चोरली’ हे क्रियापद. स्वतःचीच वस्तू, आणि चोर आपणच.

अण्णा भाऊ साठ्यांचं वेगळं. ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा मढी उकरून सोनं काढतो. अण्णा भाऊंनी काय मढी उकरली होती? नाय. पण वाटेगावहून मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, चिरागनगरच्या झोपडीत राहिलेला हा माणूस. काम बंद पडलं की मजुराच्या हातांचं काय होतं, ते त्याला पाठ होतं. म्हणून भीमाची बोटं जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी तेव्हाच येते. त्या खाणीत आता हे हात चालणार नाहीत. प्रसंग कल्पनेतला, भूक ओळखीची.

पांढरपेशे समीक्षक विचारतात, हे तर आत्मचरित्र, यात कला कुठाय? त्यांच्या कथांत तरी त्यांचेच दिवाणखाने असतात की. फक्त त्याला ते ‘मानवी मन’ म्हणतात. सोडा. मला त्यांच्यापेक्षा आपल्या पोरांची काळजी वाटते. सोसलं म्हंजे कथा झाली, असं आपण धरून चालतो, आणि सोसतानाचं जे अडचणीचं असतं ते गुपचूप गाळतो.

माझी कथा परत लिहायला घेतलीय. थोबाडीत खोडली. माझ्या आधी महिनाभर, समोरच्या खोलीतल्या आपल्याच एका पोराला असंच काढलं होतं. त्याची वळकटी जिन्यावरून घरंगळत गेली. तेव्हा मी आतून कडी लावून घेतली होती. पहिल्या खर्ड्यात हे नव्हतं.