पाटीवरचा एक सेकंद

भोसरीतल्या एका कारखान्यात मेन पॅनेलसमोर उभा होतो. दसरा होऊन आठवडा झाला होता. खंडेनवमीला पॅनेलची पूजा झालेली: दारावर कुंकवाचं स्वस्तिक, माथ्यावर सुकत आलेली झेंडूची माळ, आणि हळदीचं एक बोट नेमकं नेमप्लेटवर. अंगठ्याने हळद पुसली तेव्हा खालचा मजकूर दिसला. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पाटी, चार कोपऱ्यांना चार रिव्हेट.

४१५ व्होल्ट, ३ फेज, ५० हर्ट्झ
८०० अँपिअर
आयसीडब्ल्यू २५ केए, १ सेकंद
फॉर्म ३बी
आयपी ५४

पाच ओळी, क्रियापद एकही नाही. कारखान्यात कुणालाही ही पाटी वाचायला सांगा, तो दुसऱ्या ओळीवर थांबतो. ‘आठशेचं पॅनेल आहे,’ म्हणतो, ‘दोन खोल्यांचं घर आहे’ म्हणावं तसं. मालक तेच म्हणाले, वायरमनही. माझा जीव मात्र दर वेळी तिसऱ्या ओळीत अडकतो.

पहिल्या दोन ओळी रोजच्या संसाराच्या. या दाबाने वीज येईल, आठशे अँपिअरपर्यंत रात्रंदिवस ओढा, बसबार, म्हणजे आतल्या तांब्याच्या पट्ट्या, ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापणार नाहीत. त्यातही एक अध्याहृत अट आहेच. अशा पॅनेलांच्या मानकाने खोलीतली हवा धरली आहे ती दिवसाच्या सरासरीने ३५ अंश आणि जास्तीत जास्त ४० अंश सेल्सिअस. चंद्रपूरच्या मे महिन्याला हे कुणी कळवलेलं नाही. तिथे पॅनेल न्यायचं तर आठशेचा आकडा खाली उतरवावा लागतो, नाहीतर ऑर्डर देतानाच पन्नास अंश मागून घ्यावे लागतात.

आता तिसरी ओळ. आयसीडब्ल्यू म्हणजे पॅनेलने थोडा वेळ सोसायचा करंट. २५ केए म्हणजे २५ हजार अँपिअर, रोजच्या आठशेच्या एकतीस पट. एवढा करंट वाहतो तो बसबारवर कुणी पाना विसरला किंवा दोन फेजच्या मधून पाल गेली तर. मग ब्रेकर तोडेपर्यंत तो अंगावर घ्यायचा. पण एक सेकंद कशाला? ब्रेकर तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटतो. त्याचं असं आहे की वरचा ब्रेकर कधीकधी मुद्दाम थांबवून ठेवलेला असतो. आधी खालच्याने सुटावं, एका मोटरपायी सगळा कारखाना अंधारात जाऊ नये, म्हणून. त्याच्या या समंजसपणाची किंमत मधले बसबार मोजतात.

आपल्या विजेत एका सेकंदाची ५० आवर्तनं होतात आणि त्यातलं पहिलंच सगळ्यात वाईट. तिथे करंटची उसळी २५ वर राहत नाही. मानकातला गुणक २.१ धरला तर ती ५२.५ केएवर जाते. दहा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांमध्ये तेव्हा मीटरमागे सुमारे पाचशे किलोचा जोर येतो. सिमेंटची दहा पोती, तीही ठेवलेली नव्हे, आदळलेली. करंट दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. तांब्याला ते चालेल, पण त्याला धरून ठेवणारे सपोर्ट? दोन सपोर्टमधलं अंतर वाढवून कुणी चार पैसे वाचवले की ते नेमके इथे वसूल होतात. सेकंदाच्या पहिल्या शंभराव्या भागात झटका, उरलेल्या नव्व्याण्णवात ताप: दोन वेगळी संकटं त्या एका ओळीत बसवली आहेत.

गंमत म्हणजे पाटी मिरवणाऱ्या या पॅनेलने तो सेकंद कधी पाहिलेलाच नाही. ही परीक्षा प्रत्येक पॅनेलची घेत नाहीत. त्याच घडणीचं एक भावंड भोपाळला किंवा बंगळुरूला सीपीआरआयच्या प्रयोगशाळेत, नाहीतर वडोदऱ्याला एर्डामध्ये जातं आणि घराण्याच्या वतीने मार खाऊन येतं. या परीक्षेतला एक बारकावा मला फार आवडतो. चाचणीच्या वेळी पॅनेलचा सांगाडा एका तांब्याच्या तारेतून पुरवठ्याच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. तार जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीची. आत हजारो अँपिअरचा धुमाकूळ चालतो, आणि संपल्यावर सगळे आधी त्या तारेकडे पाहतात. ती वितळली असेल तर वीज सांगाड्यापर्यंत, म्हणजे दाराला हात लावून उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचली असती. बसबारला किंचित बाक आलेला चालतो, अंतरं राखली गेली की झालं. तार तुटलेली चालत नाही.

एवढं सगळं मान्य केलं तरी ती ओळ अर्धीच आहे. ‘मी २५ केए सोसेन’ असं पॅनेल सांगतं. तुमच्याकडे किती येणार, हे त्याला ठाऊक नाही. वाक्याचा उत्तरार्ध भिंतीपलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर असतो. पॅनेल आलं तेव्हा तिथे ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता. ४३३ व्होल्टला त्याचा पूर्ण भार ६६७ अँपिअर आणि इम्पीडन्स साडेचार टक्के. भागाकार करा, शॉर्टसर्किटला सुमारे १५ केए. पंचवीसचं पॅनेल निवांत होतं. मग धंदा वाढला, दुसरं पॅनेल आलं आणि जुना ट्रान्सफॉर्मर काढून १००० केव्हीएचा बसला. त्याचा पूर्ण भार १३३३ अँपिअर, इम्पीडन्स पाच टक्के. मागची लाइन दणकट धरली तर आता २६.७ केए. मधली केबल लांब असती तर आकडा उतरला असता, पण जुनं पॅनेल भिंतीला लागूनच आहे.

मी हे बोलल्यावर मालक नाराज झाले. “पण पॅनेलला तर आम्ही हातही लावलेला नाही.”

अगदी खरं होतं. पाटीवरचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

दीड-दोन केएने काय होणार, असं वाटेल. वर्गाच्या हिशेबाने जोर चौदा टक्क्यांनी वाढतो. पॅनेल कदाचित तेही सोसेल, कदाचित नाही. एवढंच खरं की पाटीने दिलेला शब्द पंचविसाशी संपला. पुढे एचआरसी फ्यूज घालून करंट उसळीआधीच छाटता येतो. तो उपाय मी सुचवला, आणि तो स्वस्तही आहे.

अमेरिकेत या अर्ध्या वाक्यावर कायद्याचं लक्ष असतं. तिथल्या विद्युत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत कंट्रोल पॅनेलसाठी कलम ४०९ आलं. पॅनेलवर त्याची शॉर्टसर्किट क्षमता लिहायची; त्याहून जास्त करंट येऊ शकेल तिथे ते बसवायचं नाही, हे कलमात पुढच्या एका आवृत्तीत आलं. पुण्याकडच्या कारखानदारांना तिकडे मशीन पाठवताना यूएल ५०८ए या तिथल्या मानकातला हिशेब कळतो. आकडा न छापलेला ५० हॉर्सपॉवरपर्यंतचा साधा काँटॅक्टर आत असला की त्याला ५ केएच धरायचं, आणि वेगळी सोय केली नसेल तर अख्खं पॅनेल पाचावर येतं. सगळ्यात सावकाश जेवणाऱ्यासाठी पंगत खोळंबते, तसं.

चौथी ओळ चाळीत राहिलेल्याला लगेच कळावी. फॉर्म ३बी: खोल्या वेगळ्या, गॅलरी सामाईक. प्रत्येक फीडर आपापल्या कप्प्यात, केबलची टोकं मात्र एकत्र, बसबारपासून दूर.

राहिली पाचवी. तिचा उच्चारच लोक चुकवतात. ‘आयपी चोपन्न’ असं काही नसतं, ते पाच आणि चार. पाच हा धुळीचा आकडा. बंद पेटीत टाल्कम पावडर उधळून ही परीक्षा घेतात. धूळ मुळीच शिरू नये असं पाच म्हणत नाही, तो मान सहाचा. शिरली तरी काम बिघडू नये, एवढं पाचाचं म्हणणं. चार पाण्याचा: कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील, पाइपाने धार मारू नका. माफक, प्रामाणिक ओळ आहे. बढाई नाही.

निघता निघता, लाइन बंद करून पॅनेल उघडायला लावलं. नव्या कंप्रेसरची केबल घ्यायला कुणीतरी माथ्याच्या पत्र्यालाच होलसॉ लावला होता. ३२ मिलिमीटरचं भोक, ग्लँड नाही, केबल एका कडेला टेकलेली. फटी तपासायचा मानकातला ५० मिलिमीटरचा गोळा त्यातून जात नाही, १२.५ चा आरामात जातो. म्हणजे धुळीचा आकडा पाचावरून एकावर आला, आणि पाण्याचा शून्यावर. टॉर्च मारून खाली पाहिलं. बसबारच्या सपोर्टवर, पिवळ्या आणि निळ्या फेजच्या मध्ये, झेंडूच्या पाचसहा पाकळ्या पडल्या होत्या.