वधूची पालखी आणि चित्राबाहेरची माणसे

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा त्यांच्या रेषेविषयी. मला मात्र त्या चित्रांतले लग्न वाचायचे आहे.

सुझुकी हारुनोबूने १७६९ च्या सुमारास विवाहावर सात चित्रांची मालिका केली. मुलगी पाहणे, देण्याघेण्याच्या भेटी, पालखीतून सासरी जाणे, मद्याच्या पेल्यांचा विधी, पांढरी वस्त्रे उतरवून रंगीत नेसणे, शय्या आणि पहिले बाळंतपण, असा तो क्रम. रंग मवाळ, चेहरे शांत. पण या शांततेची किंमत कोणी दिली? पांढऱ्या वस्त्राचा एक अर्थ असा सांगितला जातो की, मुलगी माहेराला मेली. आता ती सासरच्या रंगात रंगेल. मालिका बाळंतपणाशी थांबते. नवऱ्याने लिहून द्यायची ‘साडेतीन ओळींची’ सोडचिठ्ठी तिच्यात नाही. तशी चिठ्ठी लिहिण्याचा हक्क बायकोला नव्हता. सुटका हवी असेल तर कामाकुराच्या तोकेइजी मठाकडे पळणे हा एक मार्ग उरे.

आणखी एक गैरहजेरी मला अधिक बोचते. शाई फुटू नये म्हणून ठशाच्या कागदाला जनावराच्या कातड्याचा सरस आणि तुरटी यांचा हात देत. मेलेल्या जनावराचे कातडे सोलण्याचे काम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांना त्या समाजाने ‘एता’, म्हणजे महाविटाळाचे, म्हटले. कातडे वधूच्या चित्रात मुरले. माणूस मात्र वेशीबाहेर. हे आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागेल काय?

१८७१ च्या फर्मानाने ती नावे रद्द केली. १९२२ मध्ये या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभारली. तरीही लग्नापूर्वी गुपचूप कुळाची चौकशी चालूच राहिली. १९७५ मध्ये तर त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये आंतरजातीय विवाहाला जातिअंताचा खरा उपाय म्हटले, त्याचे मर्म इथेही कळते. कायदा वेशीपर्यंत येतो, बोहल्यापर्यंत येत नाही.

हारुनोबूला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. त्याची रेषा सुंदर आहे, हे मान्य. पण ती मान्य करतानाच, कागदात मुरलेला सरस कोणाच्या हातचा, हे विचारणारी समीक्षा हवी. ती आपणच लिहायची आहे.