टीईटी पास झालेल्या शिक्षकाला वारली येते का?

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या तरुण मुलामुलींमध्ये सगळ्यात जास्त वाचलं जाणारं मराठी पुस्तक कथा-कादंबरीचं नाही. ते टीईटीचं गाईड आहे. बोईसरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये, एमआयडीसीतल्या कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, पाड्यावरच्या घराच्या ओट्यावर ते उघडं दिसतं. मग मोबाईलवर त्याच प्रश्नांचे व्हिडिओ. एवढं मन लावून वाचलं जाणारं लेखन समीक्षेच्या वाट्याला का येत नाही? म्हणून मी ही परीक्षा एखादा ग्रंथ वाचावा तशी वाचून बघितली. ती कुणासाठी लिहिली आहे, कुणाला बोलू देते आणि कुणाला गृहीत धरते, हे तपासायला.

आधी रचना. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्राची पहिली टीईटी २०१३ मध्ये झाली. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक: १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. बालमानसशास्त्र, भाषा १, भाषा २, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पास झाल्यावर नोकरी मिळतेच असं नाही. पुढे अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टल आहे, आणि वाट बघणं आहे.

यात भाषेला किती वजन आहे बघा. दोन भाषांचे मिळून ६० गुण, म्हणजे पेपरचा ४० टक्के भाग. म्हणजे ही परीक्षा भाषेला कमी लेखते अशी तक्रार करता येणार नाही. तक्रार वेगळी आहे. हे साठच्या साठ गुण शिक्षकाच्या भाषेचे आहेत. मुलाच्या भाषेचा त्यात एकही नाही.

गाईडमधली मराठी

भाषा १ साठी मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी, बंगाली अशी निवड आहे. यादी उदार वाटते, पण ती शाळांच्या माध्यमांची यादी आहे. मुलं घरात काय बोलतात याची नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी मुलं. सातपाटी-मुरब्याच्या किनाऱ्यावर मांगेली. केळवे-माहीमच्या वाड्यांमध्ये वाडवळी, वसईत कादोडी. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींमध्ये भोजपुरी, हिंदी, ओडिया. यातली बरीच मुलं एकाच मराठी शाळेच्या एकाच वर्गात बसतात. गाईडमधली मराठी मात्र एकच: समानार्थी शब्द, वाक्प्रचार, म्हणी, समास, एक उतारा, एक कविता. ती चांगली मराठी आहे. फक्त पहिलीतलं वारली मूल ती ऐकत आलेलं नाही.

वारली ही मराठीची बोलीच तर आहे, मुलं सांभाळून घेतात, असं शिक्षक सहज म्हणतात. देशाच्या जनगणनेत वारली मराठीच्या खाली नाही, भिलीच्या गटात मोजली जाते. भाषाशास्त्रज्ञांचा वाद आपण बाजूला ठेवू. वर्गातला पुरावा पुरेसा आहे. सहा वर्षांचं मूल पाड्यावर तोंड मिटत नाही आणि शाळेत महिनोन्महिने उघडत नाही, तेव्हा त्याला काय येत नाही हे ठरवण्याआधी आपल्याला काय येत नाही हे विचारायला हवं.

एक अर्धविराम

राज्याच्या टीईटीऐवजी केंद्राची सीटीईटी दिली तरी चालते. तिच्या अभ्यासक्रमात भाषा शिकवण्याच्या पद्धतींची यादी आहे. त्यातल्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. विविधता असलेल्या वर्गात भाषा शिकवण्याची आव्हानं, असा तिचा पहिला भाग. मग अर्धविराम. आणि पुढे लगेच भाषेतल्या अडचणी, चुका आणि विकार.

एका ओळीत, एका अर्धविरामाच्या अंतरावर, वेगळी भाषा बोलणारं मूल आणि भाषेचा विकार असलेलं मूल शेजारी बसवलं आहे. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण लेखन वाचताना हेतूपेक्षा रचना महत्त्वाची. विविधता हे इथे आव्हान आहे, साधन नाही. लाखो उमेदवार ही ओळ पाठ करून वर्गात जातात. मग मूल घरची क्रियापदं वापरून उत्तर देतं तेव्हा शिक्षकाला ते उत्तर आधी ऐकू येतं की चूक?

त्याच सीटीईटीची भाषांची यादी मात्र वेगळी गोष्ट सांगते. तिथे वीस भाषा आहेत आणि त्यांत गारो, खासी, मिझो आहेत. या तिन्ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. म्हणजे ‘अनुसूचीत नाही, म्हणून परीक्षेत नाही’ ही सबब टिकत नाही. ज्या भाषांच्या मागे राज्य उभं राहिलं, त्या यादीत आल्या. वारलीच्या मागे कुणी उभं राहिलेलं नाही.

टेक्ससमध्ये काय विचारतात

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात नियम असा आहे: एखाद्या जिल्ह्यात एका इयत्तेत इंग्रजी नीट न येणारी आणि घरी एकच दुसरी भाषा बोलणारी २० किंवा जास्त मुलं असतील, तर द्वैभाषिक वर्ग चालवावा लागतो. बहुतेकदा ती भाषा स्पॅनिश. त्या वर्गाला शिकवायचं तर शिक्षकाला नेहमीच्या पात्रतेवर एक वेगळी परीक्षा द्यावी लागते, स्पॅनिशची. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही. स्पॅनिशमध्ये पत्राला उत्तर लिहायचं, पाठाचं टाचण काढायचं. तुम्हाला मुलाची भाषा येते हे परवान्यावर लिहिलेलं असतं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये मतदारांनीच द्वैभाषिक शिक्षणावर मोठी बंधनं घातली आणि २०१६ मध्ये मतदारांनीच ती काढली. भाषेचं राजकारण तिथेही आहे. पण परीक्षेची दिशा बघा. तिथे शिक्षकाला मुलाच्या भाषेत तपासतात. इथे मुलाला शिक्षकाच्या भाषेत.

एवढं लांब जायलाही नको. ओडिशाने २००७ च्या सुमारास संताली, सौरा, कुई, कोया अशा दहा आदिवासी भाषांमध्ये बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, पहिलीपासून घरच्या भाषेत. बोईसरच्या कारखान्यांत काम करणारे ओडिया मजूर ज्या राज्यातून येतात, ते राज्य या बाबतीत आपल्या पुढे आहे.

जन्म की भाषा?

आता या वाचनातला सगळ्यात अवघड भाग. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०१४ मध्ये अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासकट काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. पाड्यावरच्या मुलाला त्याच्या भाषेतला शिक्षक मिळण्याची ती एक वाट होती. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या प्रकरणात, अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांचं १०० टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. तेव्हापासून इथल्या भरतीवरही टांगती तलवार आहे. पोरं मोर्चे काढतात, कोर्टाच्या तारखा मोजतात.

माझं म्हणणं असं की या वादात दोन्ही बाजू जन्माबद्दल बोलतात आणि भाषा मधल्यामध्ये हरवते. आरक्षणाची बाजू आपल्या जागी रास्त आहे. नोकऱ्या आणि प्रतिनिधित्व हा वेगळा, खरा प्रश्न आहे. पण पहिलीच्या मुलाला शिक्षकाचा जातीचा दाखला ऐकू येत नाही, त्याचं बोलणं ऐकू येतं. वारली येणं ही पात्रता मानली, तिची परीक्षा घेतली, तिला गुण दिले, तर कुणाचीही वाट बंद होत नाही. बीड-सोलापूरहून बदलून आलेला शिक्षक वर्षभर मन लावून शिकला, तर तोही पास होईल. आणि तारपा ऐकत, लग्नात चौकापाशी बसून धवलेरीची गाणी ऐकत वाढलेली मुलगी सुरुवातीलाच पुढे असेल. समासाच्या प्रश्नात ती मागे पडते म्हणून आज आपण तिला कच्ची म्हणतो.

याला इथल्याच मातीत आधार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ दोघीही बाहेरून आलेल्या. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी शाळा कुरणावर नेली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ टीईटीच्या गाईडशेजारी ठेवून बघा. दोन्ही पुस्तकांचा विषय एकच, चांगला शिक्षक कोण. गाईड म्हणतं, ज्याला उत्तर माहीत आहे तो. कोसबाडचा अनुभव सांगतो, जो मुलाकडे चालत जातो तो. गाईडमध्ये ताराबाई आणि अनुताई आहेतही, जोड्या लावा म्हणून.

आक्षेप

वारलीला प्रमाण रूप नाही, डहाणूची वेगळी, जव्हारची वेगळी. मग पेपर काढणार कोण? खरं आहे. म्हणूनच चार पर्यायांचा पेपर नको. पाड्यावरच्या पाच मुलांशी अर्धा तास गप्पा, एक गोष्ट सांगणं, एका आईला मुलाची प्रगती समजावणं, एवढी तोंडी परीक्षा पुरे. परीक्षक पाड्यावरच भेटतील.

पालकांनाच सेमी-इंग्रजी हवं असतं, हेही खरं. मलाही त्यात गैर वाटत नाही. पण इंग्रजीपर्यंतचा जिना घरच्या अंगणातून सुरू होतो. शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो, घटनेचं कलम ३५० अ तेच सांगतं, २०२० चं राष्ट्रीय धोरणही किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून आपण सगळे पेटून उठलो, सरकारला जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला. मुलावर परकी भाषा लादू नका, हा आपला युक्तिवाद होता. तो युक्तिवाद तलासरीच्या पाड्यावर नेला, तर तिथली लादलेली भाषा कोणती निघते?

घाई अशासाठी की १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटीत ओढलं. ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे, त्यांना दोन वर्षांत पास व्हावं लागेल. म्हणजे पाड्यावर वीस वर्षं काढून वारली बोलायला शिकलेले गुरुजी आता संध्याकाळी समास पाठ करतील. त्यांची वीस वर्षांची कमाई या पेपरमध्ये कुठे लिहायची, त्याला रकाना नाही.

समीक्षकाने शेवटी निवाडा द्यायचा असतो. माझा असा: टीईटी वाईट नाही, अपुरी आहे. तिच्यात एक तिसरी भाषा हवी. भाषा १ शाळेची, भाषा २ जगाची, भाषा ३ समोर बसलेल्या मुलाची. तीस नको, दहा गुण द्या. पण ते दहा गुण मिळवल्याशिवाय पहिलीचा वर्ग कुणाच्या हाती देऊ नका.