सुश्रुताची गोफण

शिरूर अनंतपाळच्या रानात ज्वारी हुरड्याला आली की पाखरं हाकायला गोफण लागते. दोन दोऱ्या, मधे दगड धरणारी रुंद पट्टी. हीच गोफण सुश्रुतसंहिता या प्राचीन शल्यग्रंथातही भेटते. सूत्रस्थानात सांगितलेल्या पट्टी बांधण्याच्या 14 बंधांपैकी एक गोफणाबंध, आणि चिकित्सास्थानाच्या 20व्या अध्यायात तो गुदभ्रंशासाठी वापरला आहे. गुदभ्रंश म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात, त्यातला गुदाचा प्रकार.

त्यावरचा निदानस्थानातला श्लोक एकच, पण कारण नेमकं पकडतो: कुंथणं, जुलाब आणि रुक्ष, दुबळा देह. उपचाराच्या श्लोकांत क्रियांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी शेक आणि तेल, मगच आत सारणं. घाई नाही, बळजबरी नाही. आजही सूज आलेला भाग आत घेण्यापूर्वी त्यावर साखर पसरून पाणी ओढून घेतात आणि मग हलक्या हाताने सारतात.

सुश्रुताकडे आत सारल्यानंतर येतो चामड्याचा गोफणाबंध, आणि या रचनेचा प्राण असलेला तपशील: चामड्याला मधोमध छिद्र, वायू सरावा म्हणून. आधार द्यायचा, पण वाट कोंडायची नाही. पुढे उंदीर घालून सिद्ध केलेलं मूषकतेल येतं. ते आज कुणी करून पाहू नये. छिद्राचं शहाणपण मात्र टिकलं.

आधुनिक शल्यचिकित्सेलाही आधार आणि वाट यांचा हाच मेळ घालावा लागला. 1891 मध्ये सर्जन थिर्शने गुदद्वाराभोवती त्वचेखालून चांदीची तार फिरवली. तार सैल राहिली तर अंग पुन्हा उतरे, घट्ट झाली तर मळ अडे. 1900 मध्ये सर्जन देलोर्मने बाहेर आलेल्या गुदाशयाचं अस्तर सोलून स्नायूला चुण्या घातल्या. पोटातून गुदाशय वर बांधू लागल्यावर काहींना बद्धकोष्ठ जडला. म्हणून सर्जन द’होरे यांनी 2004 मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुदाशय फक्त पुढून मोकळा करून जाळीने टांगतात, मागच्या मज्जातंतूंना हात लावत नाहीत. साधनं बदलली, कसोटी तीच राहिली.

लहान मुलांत जुलाब, बद्धकोष्ठ किंवा कुपोषण आवरलं की बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. मोठ्यांत मात्र पट्टी पुरत नाही, सर्जन गाठावा लागतो. सुश्रुताने या दुखण्याला इतर रोगांच्याच पंक्तीत बसवलं आणि त्याबद्दल आडपडद्याशिवाय लिहिलं. ते वाचल्यावर लाजेपायी वर्षानुवर्षं दुखणं लपवणाऱ्या आपल्या आजीशी तितक्याच मोकळेपणाने बोलावं आणि तिला लातूरच्या दवाखान्यात न्यावं.