कासवीची दृष्टी आणि कॅमेऱ्याचा डोळा

प्राण्यांच्या छायाचित्रांकडे आपण कला म्हणून कधी पाहतो का? साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती आपल्याला भेटतात. आपण "वा!" म्हणतो आणि पान उलटतो. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रविवारी सकाळी डबा घेऊन तळ्याकाठी जावे, बगळा, खंड्या, सरडा, एखादे कासव टिपावे आणि संध्याकाळी चार मित्रांना दाखवावे, हा छंद घरोघर रुजला आहे. छंद निरुपद्रवी आहे, म्हणून टीकाकाराने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे कोणी म्हणेल. पण ज्या चित्रांवर इतकी माणसे मनापासून लुब्ध होतात, त्यांत चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे विचारायचेच नाही काय?

मला हा प्रश्न पडला तो माझ्याच एका चित्रामुळे. हिवाळ्यातली सकाळ होती. तळ्यातल्या खडकावर एक कासव ऊन खात बसले होते. त्याची मान लांब, मागचे पाय सैल पसरलेले, डोळे अर्धवट मिटलेले. चित्र मोठे यावे म्हणून मी चार पावले पुढे गेलो. त्याने मान ताठ केली, डोळे माझ्याकडे वळवले. मी कळ दाबली आणि त्याच क्षणी ते पाण्यात गडप झाले. चित्र उत्तम आले. मित्र म्हणाले, "काय भाव पकडलाय चेहऱ्यावर!" तो भाव माझ्या भीतीचा होता. कासवाचे रक्त स्वतः तापत नाही. उन्हातून घेतलेल्या उबेवर त्याचे पचन, त्याची हालचाल, सारे चालते. ती ऊब मी मोडली होती आणि त्या मोडण्यालाच माझे मित्र सौंदर्य म्हणत होते.

यावर रूपवादी समीक्षक काय म्हणेल, हे मी जाणतो. मर्ढेकरांनी सौंदर्याचा शोध लयीत घेतला. संवाद, विरोध आणि समतोल ही तिची तत्त्वे सांगितली. त्या भूमिकेवरून पाहिले, तर चित्रातल्या छायाप्रकाशाचा मेळ बसला की पुरे. ते काढताना कासव घाबरले की नाही, हा लौकिक व्यवहाराचा प्रश्न झाला. कलाकृतीच्या मूल्याशी त्याचा संबंध नाही. हा आक्षेप वजनदार आहे. नीतीची फूटपट्टी बाहेरून आणून कलेला लावू नये, हे मलाही मान्य आहे.

परंतु छायाचित्राची गोष्ट चित्रकलेहून वेगळी आहे. चित्रकाराचे कासव त्याच्या मनातून कागदावर येते. छायाचित्रातले कासव त्या खडकावर, त्या क्षणी होते. त्याच्या पाठीवरून परतलेल्या प्रकाशानेच ते चित्र घडवले. म्हणून पाहणाऱ्याचे तिथे असणे हे चित्राच्या बाहेर राहतच नाही. ते ताठलेल्या मानेत आणि आवळून घेतलेल्या पायांत उतरते. चित्राच्या घाटातच ते दिसते. सैल पसरलेल्या पायांची लय आणि पळण्याच्या बेतात असलेल्या देहाची लय या दोन वेगळ्या लयी आहेत. पहिली त्या प्राण्याची स्वतःची, दुसरी आपण त्याच्यावर लादलेली. हा भेद रूपाचाच आहे, आणि तो न ओळखणारी दृष्टी रूपवादी म्हणून सुद्धा अपुरी आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. संयुक्त प्रांतातल्या वनखात्यात काम करणाऱ्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक 1927 साली निघाले. ते वाटेवर तार लावून ठेवीत. वाघाचा पाय तारेला लागला की लखलखाट होऊन चित्र निघे. चौकट माणसाने निवडलेली, पण क्षण वाघाने. त्या लखलखाटाने वाघ दचकत असणार, हे खरे. तरी त्या पहिल्या क्षणापर्यंत तो आपल्याच वाटेने, आपल्याच चालीने आलेला असे. पुढे मद्रासचे एम. कृष्णन यांनी हत्ती, गवे यांची चित्रे काळ्या-पांढऱ्यात काढली, तीही स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने. त्यांच्या चित्रांत प्राण्याभोवतीचे रानही बोलते. आजची रूढी याच्या उलट आहे. लांब भिंगाने प्राणी जवळ ओढायचा, मागचे सारे धूसर करायचे, डोळ्याची बुबुळे तेवढी लख्ख. असे चित्र पाहून प्राणी ओळखता येतो, पण तो कुठे आणि कसा राहतो, हे कळत नाही. त्याचे घर त्यातून पुसलेले असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर हा प्रश्न फार तीव्र होतो. 2002 पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू झाले. वाळूत पुरलेली अंडी कुंपणात हलवतात आणि साधारण पन्नासएक दिवसांनी पिल्ले निघतात. ती पाहायला शहरातून माणसे येतात, दोरीमागे उभी राहतात. तळहातावर मावेल एवढे पिल्लू वाळूतून समुद्राकडे सरकते, आणि दोरीमागचे हात कॅमेऱ्यासह पुढे येतात. कासवाचे पिल्लू उजळ क्षितिजाच्या दिशेने चालते. अंधारात ते क्षितिज समुद्राचे असते. अशा वेळी दिवा पाडणारा माणूस त्याला चुकीचा समुद्र दाखवतो. इथे कळ न दाबणे हाच कलाविवेक ठरतो.

आपल्या संतवाङ्‌मयात कासवीचा दृष्टांत वारंवार येतो. ती पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. दुरून नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते. प्राणिशास्त्र सांगते की, समुद्रकासवी अंडी घालून निघून जाते, मागे वळून पाहत नाही. तरी तो दृष्टांत मला खोटा वाटत नाही. स्पर्श न करता, अंतर राखून, पोसणारे पाहणे असू शकते, एवढेच त्याला सांगायचे आहे. प्राण्यांच्या छायाचित्राला मी हीच कसोटी लावीन.

त्या तळ्यावर मी पुन्हा गेलो. काठाशी लव्हाळ्यात बसून राहिलो. बऱ्याच वेळाने पाण्यातून एक नाक वर आले, मग मान, मग ते हळूहळू खडकावर चढले आणि पाय पसरून बसले. मी जागेवरूनच एक चित्र घेतले. त्यात तळे आहे, लव्हाळी आहेत, खडक आहे. कोणाला दाखवले, तर आधी कासव शोधावे लागते.